निवडीआधीचा सत्कार

मी परदेशच्या संसदेत काम केलं आहे असं सांगितलं, की आमच्याकडचे लोक आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघतात. पण खरं आहे. तिकडे बाहेरच्या देशांतल्याही विद्यापीठांतल्या पोरांना काही महिने खासदाराच्या कार्यालयात काम शिकायला घेतात. इंटर्नशिप म्हणतात त्याला. मी तेव्हा राज्यशास्त्रात एम.ए. करत होतो, म्हणजे केज तालुक्यात माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता, म्हणून अर्ज करून टाकला. एके सकाळी मेल आला. पहिलाच शब्द अभिनंदनाचा. पुढे लिहिलेलं, की मुलाखतीसाठी तुमचं नाव काढलं आहे. शनिवारी दुपारी ऑनलाइन मुलाखत, निवड त्यानंतर.

हे पुढचं आमच्या चुलत्यांनी वाचलंच नाही. चुलते म्हणजे तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा उजवा हात. डावाही तेच, आणि सभेला गर्दी कमी पडली तर गर्दीही तेच. आमच्याकडे रीत अशी, की अभिनंदनाची बातमी सकाळी आली तर दिवस मावळायच्या आत चौकात फ्लेक्स लागला पाहिजे. नाहीतर विरोधी गट लावतो आणि पोरगं त्यांचं होऊन बसतं.

"काका, निवड झाली न्हाई अजून. मुलाखत बाकी हाय," मी म्हणालो.

"मुलाखत म्हंजी नुसतं चहापानी असतंय बे. बोर्ड छपाईला गेला."

फ्लेक्स असा लागला, की केजचा अर्धा बाजार त्याच्या सावलीला बसू लागला. मधोमध परदेशी संसदेचा घुमट, घुमटावर मी, माझ्यावर पुढारी. खाली 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. सगळं ठरलं होतं. फक्त ज्यांनी निवड करायची, त्यांना कळवायचं राहिलं होतं.

वरवर हसत होतो, एवढंच. निवड हुकली असती तर तोंड लपवायला मला जिल्ह्यात खड्डा सापडला नसता, आणि आमच्या रस्त्यांवर खड्ड्यांची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही.

त्यात चुलत्यांनी सत्कार नेमका शनिवारी सकाळी ठेवला. मुलाखत मी बीडला मित्राच्या खोलीवरून देणार होतो, तिथलं इंटरनेट बरं. पण भाषणं काही आवरेनात. एका वक्त्याने मला तिकडच्या संसदेत मराठवाड्याच्या पाण्याचा प्रश्न मांडायला सांगितलं, दुसऱ्याने तर तिथलं सरकार पाडायचंच बाकी ठेवलं. जीप सुटली तेव्हा उशीर झालेला. मांजरसुंब्याच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांनी अशी गाठ मारली होती, की मुंगीनेसुद्धा माघारी फिरावं. घड्याळ बघितलं आणि चुलत्यांसह समोरच्या ढाब्यात घुसलो. बाजेवर बसलो, पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि बटण दाबलं.

पडद्यावर तीन गोरी माणसं आली. त्यांच्या पडद्यावर डोक्याला फेटा, गळ्यात हार, गालफडावर गुलाल असा मी. मागे तंदूर, आणि त्याच्याही मागे हॉर्न वाजवणारा अख्खा महाराष्ट्र. घाईत फेटा उतरवायचा राहूनच गेला होता.

मधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "आज तुमच्याकडे सण आहे का?"

थाप मारायची संधी होती, आणि मी थापांना कधी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी कशी कोण जाणे, खरंच बोललो. "नाही मॅडम. तुम्ही माझी निवड केलीत, त्याचा सत्कार होता."

"आम्ही तर अजून निवड केलेली नाही."

"ते तुम्हाला माहीत आहे आणि मला. तालुक्याला माहीत नाही."

मग बाई म्हणाल्या, "आणि नाही केली तर?"

"तर ते तुम्हीच आमच्या काकांना सांगा," म्हणून मी मोबाइल चुलत्यांकडे फिरवला. चुलते घाईघाईने मिशा पुसत उठले, हात जोडून म्हणाले, "नमस्कार म्याडम. पोरगं लई गुणाचं हाय." बाई इतक्या हसल्या, की पडदा हलला. हे माझं नाही, ढाबेवाल्याचं म्हणणं.

मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थाने नीट प्रश्न विचारला, की तुमच्या भागात लोकप्रतिनिधीकडे लोक कशासाठी येतात? हे मला पुस्तकातून सांगायची गरजच नव्हती. चुलत्यांबरोबर पुढाऱ्याच्या ओसरीवर मी लहानपणापासून बसलेलो. म्हटलं, "सगळ्यात जास्त डीपीसाठी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून. काम व्हावं असं वाटतंच, पण चार लोकांसमोर कुणीतरी आपलं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, हेही हवं असतं."

"आणि ट्रान्सफॉर्मर मिळायला किती वेळ लागतो?"

"एरवी महिना. निवडणूक जवळ असली तर संध्याकाळपर्यंत."

म्हातारा बाकीच्या दोघांकडे बघून म्हणाला, "आपल्याकडेही असंच आहे." मुलाखत संपली. निकाल मेलने कळवू म्हणाले.

नंतरचे दिवस वाईट गेले. जो तो विचारी, "अजून गेला न्हाईस? कावून?" मी कधी व्हिसा सांगे, कधी तिकडे बर्फ पडल्याचं सांगे. एकदा तर भर उन्हाळ्यात त्यांचं विमानतळ बर्फाखाली गाडून टाकलं. शेवटी सुचेनासं झालं तेव्हा मावशीकडे धारूरला पळालो. तिथे मोबाइलला रेंज मिळावी म्हणून किल्ल्यावर चढलो आणि तटावर उभा असतानाच मेल आला. निवड झाली होती. मी असा ओरडलो, की बालाघाटाच्या डोंगरातली सगळी माकडं केजकडे निघाली असावीत.

तिथूनच आईला फोन लावला. "आई, निवड झाली!"

"मग? ती तर कवाच झाली व्हती की," आई म्हणाली. मागे शेजारणी बसलेल्या ऐकू येत होत्या. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. "खरंच झाली का रं आता?"

"खरंच झाली."

"मला ठावं व्हतं, झाली न्हाई ते. ताटातलं तसंच सोडून उठायचास." मग म्हणाली, "मावशीला म्हणावं, आज दोन भाकरी जास्त टाक."