एकच रेघ आलेली डुकरं

काही प्रकरणांत आरोपी विसरला जातो, खबर देणारा नाही. माझ्यासाठी ती एक विधवा बाई.

माझा जन्म कोलकात्यातला. घरात मराठी, पोलीस ठाण्यात बंगाली-हिंदी, अशीच सगळी नोकरी झाली. तेव्हा मी बजबजकडच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो, इथल्या भाषेत 'बडोबाबू'. जूट मिलच्या मागच्या वस्तीत ही बाई डुकरं पाळून पोट भरायची. हजेरी चालू असताना आली आणि शिपाई बाहेर जाईपर्यंत तोंड उघडलं नाही.

"बडोबाबू, शेजारच्या व्यापाऱ्याची डुकरं तापानं मरतायत. मेलेली नाल्यात फेकतो, आजारी कापून विकतो. माझ्याकडे ताप आला तर मी संपले. माझी डुकरीण गाभण आहे."

हा रोग माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही. पशुवैद्यकीय डॉक्टरांना घेऊन आम्ही छापा घातला. व्यापाऱ्याचं सुरू झालं, चोराच्या उलट्या बोंबा! "माझ्यावर कुणीतरी जळतंय साहेब, आधी त्याला धरा."

मी आवाज चढवला नाही. शेडसमोरच खुर्ची टाकून चौकशी सुरू केली. डॉक्टरांनी त्याच्या डुकराचं रक्त तपासणीच्या पट्टीवर टाकलं. एक रेघ आली तर विषाणू सापडला नाही, दोन आल्या तर सापडला. खोटं बोलणारा सहसा चौकशी करणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, पटतंय का ते पाहायला. हा पठ्ठ्या पट्टीवरून नजर काढेना. दुसरी रेघ उमटली आणि तो घडाघडा बोलायला लागला. जबाब झाला, पंचनामा झाला, पक्क्या तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेत गेले.

मग बाईची डुकरं तपासली. प्रत्येकाची एकच रेघ. बाई लहान मुलीसारखी हसली, आम्हाला बळंच चहा पाजला. डॉक्टरांनी मात्र कप हातातच धरून ठेवला होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि पाठोपाठ आदेश. रोग सापडला त्या जागेच्या आसपासची सगळी डुकरं मारायची, निरोगी असली तरी. आज पट्टीवर न दिसलेला रोग उद्या दिसतो, म्हणून. नियम बरोबरच होता. बंदोबस्ताला मीच उभा होतो. गाभण डुकरीण शेवटी नेली. बाई रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला सहन होईना.

"मावशी," मी म्हणालो, "भरपाई मिळेल. आणि तुम्ही गप्प बसला असतात, तरी ताप आलाच असता."

"आला असता, बडोबाबू," ती म्हणाली. "पण मग हे मरण मी आणलं नसतं."

खबऱ्याचं नाव गुप्त ठेवलं की त्याला सांभाळलं, असं मी नोकरीभर समजत होतो. तिचं नाव मी शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. पुढे त्याच वस्तीत पुन्हा डुकरं मेली, तेव्हा ठाण्यात कुणीही आलं नाही.