धाकटीच्या दातांची प्लेट

माझी धाकटी बहीण आता पन्नाशीच्या घरात आहे. हसते तेव्हा सगळे दात दाखवून, मान मागे टाकून हसते, आणि मला अजूनही आतून चिडायला होतं. पाठच्या बहिणीवर कशाला गं जळतेस, असं लोक म्हणतात. ज्यांचे दात सरळ असतात तेच हे म्हणतात.

आम्ही अहमदपूरचे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान होतं आणि गिऱ्हाईक म्हणून कुणी फिरकत नव्हतं. घरात रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. त्याच वर्षी माझे पुढचे दात आले, ते तिरपे आणि पुढे. तोंडात काय जातंय याचीच चिंता असताना तोंडात काय उगवतंय हे कोण बघणार? कुणीच बघितलं नाही.

धाकटी झाली ती पुन्हा पाऊसपाणी सुरू झाल्यावर. नशीबच तसं घेऊन आली. ती आठ वर्षांची होते न होते तोच लातूर वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, नवे साहेब आले, आणि तपासणीला डॉक्टर शाळेपर्यंत यायला लागले. त्यातल्या एकाने धाकटीचं तोंड बघून वडिलांना बोलावून घेतलं. "दात पुढे येतायत. हाड कोवळं आहे तोवरच प्लेट लावून घ्या, मोठेपणी जड जाईल. नांदेडला दातांचे डॉक्टर आहेत."

वडील दुसऱ्याच आठवड्यात तयार! मी तेव्हा अठराची. मला बघायला आलेली दोन स्थळं "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. पुढच्या स्थळासमोर ओठ मिटून कसं बोलायचं, हे माय मला शिकवायची. घरातल्या एका तोंडाला उघडायला नांदेडला न्यायचं आणि दुसऱ्याला मिटायला शिकवायचं, असा न्याय.

नांदेडला एसटीने मायसोबत मीही जायची. डॉक्टर काय सांगतात ते ध्यानात ठेवायला शिकलेलं माणूस हवं होतं. पहिल्या खेपेला धाकटीच्या टाळूचं माप घेतलं, दुसऱ्या खेपेला प्लेट आली. गुलाबी, टाळूला चिकटून बसणारी, पुढच्या दातांवरून एक बारीक तार. मला ती दागिन्याहून सुंदर दिसली. डॉक्टरांनी बजावलं, "जेवताना आणि दात घासताना काढायची. बाकी रात्रंदिवस तोंडात."

पण आमच्या घरात उष्ट्याचं प्रस्थ फार. माय पाणीसुद्धा वरून प्यायची, भांड्याला ओठ लागू द्यायची नाही. तोंडातून निघालेली वस्तू म्हणजे उष्टी. ती तोंडात ठेवून मुलगी देवापुढे बसणार? सकाळच्या पूजेला प्लेट निघाली. संध्याकाळी दिवा लावताना निघाली. सोमवारी उपास म्हणून दिवसभर नाही, आणि श्रावण लागल्यावर तर महिनाभर ती न्हाणीघराच्या फळीवर वाटीत पडून राहिली.

"माय, डॉक्टरनी काय सांगितलंय?" मी म्हणायची.

"डाक्टरच्या घरी देव न्हाईत का? दोन घटका काढली तर काय हुतंय!"

आणि धाकटी? तिला तर ती टोचायचीच. काढायला सांगितली की नाचत जायची. मला वाटायचं, हिच्या हातातून ओढून आपल्याच टाळूला लावावी. बसली नसती, ठाऊक होतं. तरी वाटायचं.

श्रावणानंतरच्या खेपेला डॉक्टरांनी प्लेट बसवून बघितली तर ती नीट बसेना. कपाळाला आठ्या घालून त्यांनी मायला विचारलं, "ही कायम घालते ना?"

"घालतीय की. कायम."

माझा तोल गेला. "खोटं आहे! पूजेला काढते, दिव्याला काढते, श्रावणभर घातलीच नाही. मला दिली असती तर झोपेतही काढली नसती मी!"

 डॉक्टरांनी आधी मायला सुनावलं. "बाई, दात उष्टे म्हणून देवापुढे काढून बसता का? तशीच ही. देवाला माझं नाव सांगा." मग ते माझ्याकडे वळले. "ये. बस इथे."

मी खुर्चीत बसले. दिवा तोंडावर आला. आजवर जे मिटायला शिकवलं होतं ते मी सगळं उघडलं.  आता हे म्हणतील, हिलाही लावू.

त्यांनी आरसा फिरवून बराच वेळ बघितलं. "हिला लहानपणीच आणायला हवं होतं. आता प्लेटने भागायचं नाही. दात काढावे लागतील, तारा बांधाव्या लागतील. दोनेक वर्षं तरी जातील."

"दोन वर्सं?" माय म्हणाली. "हिचं तर लग्नाचं बघायलोत आमी."

दिवा बाजूला झाला. मी उठले.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी तोंड फिरवून बसले. धाकटी मायच्या मांडीवर झोपली होती. प्लेट तोंडात होती, डॉक्टरांनी घासूनपुसून कशीबशी पुन्हा बसवलेली. लोहा गाव मागे पडलं. शेवटी न राहवून म्हणाले, "सगळं हिलाच. मला काय मिळालं?"

 मायने कायम तोंडावर असायचा तो पदर बाजूला केला आणि वरचा ओठ बोटाने उचलला. माझेच दात. तिरपे, पुढे आलेले, अगदी तसेच. अठरा वर्षं मी तिच्या हातचं जेवत होते आणि हे तोंड मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"तुला त्या खुर्चीत बसवलं, तवा मला लई वाईट वाटलं बघ," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हाई. मला वाटलं, ह्या पोरीला 'बस' तरी म्हणलं कुणी. मला तेबी न्हाई."