मधला पाय मोकळा

आधीच सांगते, न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. आमच्या घरात साधी दृष्टही कोणी काढत नसे. पण हे माझ्याच हातून घडलं, म्हणून लिहितेय...

अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा. डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. माझी अकरावी संपलेली आणि इलेक्ट्रॉनिक्सचं नवंनवं वेड. त्याच सुमारास कुसुमआत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेली बाई — आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. आई-बाबा नोकरीवर, दिवसभर घरात आम्ही दोघीच. आत्या बाहेरच्या खोलीत कॉटवर, मी स्वयंपाकघरात. ती टाळी वाजवायची, पण कुकरच्या आवाजात ऐकू यायची नाही. एकदा उठताना चक्कर आली, तर बिचारी बराच वेळ जमिनीवर बसून होती. मला पत्ताच नाही.

म्हणून मी दिवा बनवला. दोन सेल, ओट्याच्या वर टॉर्चचा बल्ब, तिथून कॉटपर्यंत लांब वायर, आणि टोकाला टॉगल स्विच — छोट्या दांडीचा खटका असतो ना, तो. त्याला मागे तीन पाय. वायरी दोनच. मी कडेच्या दोन पायांना जोडल्या, मधला मोकळा सोडला. दिसायला नीट दिसत होतं.

"आत्या, कर आता," मी ओट्यापाशी उभी राहून म्हटलं. बल्ब लागला.

त्या दुपारी अजून डोळ्यांसमोर आहेत. ओढलेले पडदे, पंख्याची संथ घरघर, आणि मध्येच ओट्यावर तो पिवळा ठिपका उगवायचा. झपकन नाही... हळूहळू, झोपेतून कोणी डोळे उघडावेत तसा. मी बाहेर जायचे, परत येईपर्यंत तो विझलेला असायचा. आत्याच बंद करत असणार, असं मी धरून चाललेले.

एका दुपारी भिंतीला टेकून माझा डोळा लागला. मिटलेल्या पापण्यांवर उजेड आला म्हणून जाग आली. धावले. आत्याला पाणी पिताना ठसका लागलेला, चेहरा निळा पडलेला, श्वास आत जात नव्हता. तिला पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारत राहिले. शेवटी श्वास आला. मग आम्ही दोघी कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून नुसत्या बसलो.

पुढच्या आठवड्यात आत्याच्या साडीत अडकून एक वायर तुटली. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ एक काका रेडिओ दुरुस्त करायचे, स्विच त्यांच्याकडूनच आणलेला. त्यांनी तो उलटा करून पाहिला.

"हे कोणी जोडलं?"

"मीच."

"अगं, मधला पाय घ्यायचाच असतो. दांडी इकडे कर नाहीतर तिकडे, कडेचे दोघं एकमेकांना कधी लागतच नाहीत. हा बल्ब लागणारच नाही."

"लागतो काका. पंधरा दिवस लागतोय."

त्यांनी मीटर लावला, दांडी दोन्हीकडे करून पाहिली. काटा हलला नाही. मग स्विच उघडून आत बघितलं. सगळं जागच्या जागी. त्यांनी नवा स्विच घेतला, एक वायर मधल्या पायाला लावली आणि माझ्या हातात दिला.

दोन दिवसांनी आत्याने पाटी पुढे केली. लिहिलेलं: 'आता खटका ओढावा लागतो.'

"मग आधी काय करायचीस?"

तिने पाटी पुसली. जरा विचार करून लिहिलं: 'ओढायचं राहूनच जायचं. तुझी आठवण काढली की तू यायचीस.'

"आणि ठसका लागला त्या दिवशी?"

'दोन्ही हात गळ्याशी होते.'

आत्याचा आवाज पुढे परत आला, थोडा घोगरा. ती आणखी अकरा वर्षं होती. या गोष्टीबद्दल ती फार कधी बोलली नाही. "असेल काहीतरी," म्हणायची आणि हसायची. मी मात्र याच विषयात शिकले, आता मुलींना शिकवते. लूज कनेक्शन, वायरीत शॉर्ट — सगळं तपासून झालं, एकही कारण पटत नाही.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पुन्हा तसंच जोडलं, मधला पाय सोडून. एका दुपारी बल्ब समोर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि आत्याची आठवण काढली. लागला नाही. तरी ऊन उतरेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.