मंगलताईंचा हरवलेला फोन

मंगलताई चकलांबा गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई. बाळंतिणींच्या सरकारी मदतीचे फॉर्म भरायला त्यांनी बायकांच्या आधार कार्डांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवले होते. फोनला लॉक नव्हतं आणि गेवराईच्या बाजारात तो चोरीला गेला. सिम बंद करून, पोलिसांत तक्रार देऊन त्या परतल्या आणि प्रत्येकीच्या घरी जाऊन झालेली चूक सांगू लागल्या. "कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका," असं बजावू लागल्या.

त्या बायकांतल्या अमीरबी म्हणाल्या, "दारोदार कशापायी फिरता? गप बसला असता तर कुणाला कळलं नसतं."

"कार्ड तुमचं हाय, अमीरबी. तुमाला कळायला नको?"

नव्या फोनला लॉक आहे. फॉर्म भरून झाला, की मंगलताई त्या बाईसमोरच फोटो पुसून टाकतात.