माईंना वाचून दाखवलं ते वर्ष

विजयदुर्गला आगबोट बंदरापासून लांब उभी राहायची आणि तिच्यापर्यंत मचव्यातून जावं लागायचं. माझं लग्न होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बाबा गुडघाभर पाण्यात उतरून मचव्याची कड धरून उभे होते. आई वाळूतच थांबली, कारण रडताना कुणी पाहिलेलं तिला आवडत नसे. बाबा हळूच म्हणाले, "तिथं असेल ते खा, आणि कळेल ते मनात ठेव." मग नावाड्यानं मचवा ढकलला.

तुम्हा माहेरच्यांपैकी जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्या सगळ्यांना मी डोंबिवलीच्या त्या पहिल्या वर्षाबद्दल कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही विचारायचात, करमतं का तिकडे? मी म्हणायची, करमतं. खरं म्हणजे त्या वर्षी मला जो धक्का बसला, त्यातून सावरायलाच पुढची कितीतरी वर्षं गेली.

डोंबिवली तेव्हा गाव आणि शहर यांच्यामध्ये कुठेतरी होती. आमच्या कौलारू चाळीमागे भातशेती, पाण्याला विहीर, संध्याकाळी कंदील. दोन खोल्या आणि माणसं तीन: हे, मी आणि माझ्या सासूबाई, माई. हे सकाळी गाडीनं मुंबईला, कोटातल्या ऑफिसात जायचे ते दिवेलागणीला परत. दुपारभर मी आणि माई. माई कमी बोलायच्या. हे दीड वर्षांचे असताना त्यांचे वडील पटकीच्या साथीत गेले, तेव्हापासून त्या भावाच्या आश्रयानं राहिल्या, मुलाला शिकवलं, एवढं मला लग्न ठरताना सांगितलेलं होतं. गळ्यात काही नाही, कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर.

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेली, त्यामुळे दुपार मला खायला उठायची. ह्यांनी ते ओळखलं आणि स्टेशनाजवळच्या वाचनालयाची वर्गणी भरली. पहिलं पुस्तक आणलं ते आरोग्याचं. कोवळं ऊन, दीर्घ श्वास, मोडाचे मूग, असलं सगळं. माईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी मोठ्यानं वाचू लागले. डोक्याला सकाळचं ऊन लागू द्यावं, असं एका पानावर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "विधवेनं लागू द्यावं का, ते लिहिलंय?" मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मागच्या पडवीत पदर खांद्यावर घेऊन बसलेल्या दिसल्या. मी पाहिलं हे त्यांना कळलं, तरी त्यांनी पदर ओढून घेतला नाही.

मग कादंबऱ्या आल्या. खोट्या माणसांसाठी मी डोळे पुसते याचं त्यांना नवल वाटायचं, पण तांदूळ निवडता निवडता त्याच मला पुढच्या प्रकरणाची आठवण करायच्या. पावसाळा असा वाचण्यात गेला. भाद्रपदात ह्यांनी वडिलांचं श्राद्ध केलं, माईंनी खीर-वडे केले, कावळ्यानं घास लगेच उचलला. शेजारच्या बाई म्हणाल्या, आत्मा तृप्त आहे हो तुमच्याकडे. माई उष्टी पानं उचलायला लागल्या.

दिवाळीनंतर हे एक आत्मचरित्र घेऊन आले. कुणा बाईंनी उतारवयात लिहिलेलं. नवरा महिनोन् महिने परगावी असायचा, आणि तो परत येऊ नये असं आपल्याला वाटायचं, हे त्यांनी सरळ लिहून टाकलं होतं. वाचताना माझा आवाज आपोआप बारीक झाला. असं कुणी मनातसुद्धा म्हणत नाही, आणि ही बाई छापते? मी पान उलटणार, तोच माई म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे तिनं स्वतःच्या नावानं छापलंय?"

"हो."

"मग लोकांनी काय केलं तिचं?"

"काही नाही, माई. पुस्तक विकत घेतलं."

त्यांनी हातातले तांदूळ सुपात टाकले. मग निवडायचं सूप बाजूला सारून म्हणाल्या, "सुमन, तुझे सासरे मेलेले नाहीत."

मला वाटलं, त्या पुस्तकातलंच काही बोलतायत. पण त्या स्वतःचं सांगत होत्या. नोकरीसाठी म्हणून मुंबईला गेलेला नवरा तिकडेच राहिला, त्यानं दुसरं घर मांडलं. भावानं खात्री करून ती बातमी आणली, तेव्हा माईंनी परसात जाऊन कुंकू पुसलं आणि बांगड्या फोडल्या. भावाला म्हणाल्या, आजपासून मी विधवा, तसंच सगळ्यांना सांग. भाऊ त्यांना घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेला. टाकलेली बाई म्हणून जगण्यापेक्षा त्यांना हे बरं वाटलं.

"कुठं असतात ते?" मी विचारलं.

"हल्ली ठाण्याला. नौपाड्यात. भाऊ ठावठिकाणा ठेवून होता."

हे रोज दोन वेळा ठाणे स्टेशनावरून जात होते. मी उठून माठातलं पाणी प्यायले. बाबांचा शब्द आठवला, कळेल ते मनात ठेव. मी माईंना म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. त्या म्हणाल्या, "तू कशाला सांगशील? मीच सांगणार आहे."

आणि त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. हे जेवून उठले होते, हात धुवून पंचा शोधत होते. ऐकताना ओले हात तसेच पुढे धरून उभे राहिले. मला वाटलं ओरडतील, वडिलांबद्दल काहीतरी विचारतील. ह्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मग इतकी वर्षं मी श्राद्ध कुणाचं केलं, माई?"

"कुणाचं नाही. मी कुंकू पुसलं त्या दिवसाची तिथी आहे ती."

"आणि तो घास?"

"कावळ्याला भूक असते, बाळ."

हे आतल्या खोलीत गेले. पुढे कितीतरी दिवस ते माईंशी कामापुरतंच बोलले. माझ्याशीही. घरात भांड्यांचा आवाज झाला तरी मी दचकायची. मग एका रविवारी ते कुणाला न सांगता ठाण्याला गेले आणि दुपारी परत आले. माई पडवीत होत्या. हे त्यांच्याजवळ पायरीवर बसले.

"पाहिले. एकानं लांबून दाखवले. भाजी घेऊन घरी येत होते. मी काही बोललो नाही."

"बरं केलंस," माई म्हणाल्या.

"चालतात अगदी माझ्यासारखे." एवढं बोलले आणि माईंच्या मांडीवर डोकं ठेवून हा ऑफिसात जाणारा माणूस रडला. माई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी आत जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या वर्षी श्राद्ध झालं नाही. शेजारणींनी कारण विचारलं आणि माईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. चाळ थिजली. कुणी म्हणालं, नवरा जिवंत असून कुंकू पुसलं, केवढं पाप. काहीजणींनी आमच्या दारावरून जाणं सोडलं. विहिरीवर मी गेले की गप्पा बंद. चाळीतल्या कुणाकडून तरी ही गोष्ट आपल्या गावापर्यंत पोचली आणि पुढच्याच बोटीनं बाबा येऊन दारात उभे राहिले.

माईंनी त्यांना पाणी दिलं, जेवायला वाढलं. बाबा मान खाली घालून जेवले. मग मला मागे बोलावून म्हणाले, "आपल्याशी खोटं बोलून सोयरीक केली त्यांनी. सामान आवर. चार महिने माहेरी राहा, मग बघू."

मला घर आठवलं, आई आठवली. खरं सांगते, क्षणभर ट्रंक उघडावीशीही वाटली. पण मी म्हटलं, "खोटं माईंनी एकट्यांनी सोसलं, बाबा. आणि खरंही त्यांनी एकट्यांनीच सांगितलं. मी नाही येत."

आयुष्यात प्रथमच मी त्यांना नाही म्हटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग मला दिसला नाही, नुसतं आश्चर्य दिसलं. जणू ज्या मुलीला त्यांनी मचव्यात बसवलं होतं ती ही नव्हेच. दुपारी आम्ही वाचायला बसलो तेव्हा ते ओट्यावर पाठ करून बसले, पण ऐकत होते.

संध्याकाळी मी त्यांना स्टेशनावर पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. अंधार पडायला लागला तशी मी म्हटलं, "बाबा, मी निघू का? घरी माई एकट्याच आहेत."

आजवर मी ‘घरी’ म्हटलं की ते गावच असायचं. त्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "जा. अंधारात नीट जा."