दोन झुडपांमधली जागा

सगळी गल्ली तिला कटिंगबाई म्हणायची. कपड्यांच्या कारखान्यात तिची उभी हयात गेली ती लांबलचक टेबलापाशी, थरावर थर अंथरलेल्या कापडावर साचे मांडण्यात. बाहीच्या खाचेत कॉलर बसवायची, पाठीच्या कोपऱ्यात खिसा सरकवायचा आणि शेवटी मूठभर चिंध्या उरल्या की तिला कोण आनंद व्हायचा! रिकामी जागा तिला बघवत नसे. घरातली भांडीसुद्धा ती अशी एकात एक रचायची, की एक काढायला जावं तर पाच अंगावर यायची.

ती निवृत्त झाली त्याच सुमाराला नवऱ्याने आपला ट्रक विकला आणि घरामागची ट्रक उभा करायची लांबट जागा मोकळी झाली. तिथे ब्लूबेरी लावायच्या, असं तिने ठरवून टाकलं. शेजारच्या बेकरीवाल्याचं जुनं झुडूप कुंपणावरून अलीकडे झुकायचं. येता-जाता तोंडात टाकून टाकून तिला त्या फळांची चटकच लागली होती.

खाकी कागदावर तिने जागेचा नकाशा काढला आणि सवयीप्रमाणे हात-हातभर अंतरावर ठिपके देऊन तो भरून टाकला. कागद घेऊन ती रोपवाटिकेत गेली. तिथल्या बाईने ठिपक्यांवरून नजर फिरवली आणि हसू दाबलं.

"मावशी, एवढी रोपं नाही मावायची. चार-पाच फुटांवर एक लावा."

"का?"

"का म्हणजे? सगळे तसंच लावतात."

"अगं, काडीएवढं रोप हे! याला चार फूट कशाला?"

"मोठं होतं ना ते."

"वर मोठं होतं ते दिसतंय मला. खाली काय करतं?"

"खाली कोण बघायला गेलंय!" रोपवाटिकेची बाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

झालं! कटिंगबाईच्या डोक्यात किडा शिरला. जेवताना तेच, भांडी घासताना तेच. झुडपाला खाली नेमकी किती जागा लागत असेल? नवरा म्हणाला, "अगं, चार फूट सांगितले ना तिने? लाव आणि मोकळी हो." पण कुणी सांगितलं म्हणून कापडाला कात्री लावणाऱ्यातली ती नव्हती.

त्याच महिन्यात बेकरीवाल्याने मागे पिठाच्या पोत्यांसाठी शेड बांधायला काढली. जुनं झुडूप नेमकं आड येत होतं. मजूर कुदळ घेऊन आलेला पाहताच ती चपला न घालताच धावली.

"भावजी, थांबा! हे मी काढते."

"वहिनी, तुम्ही? घाव घातला की पाच मिनिटांत मोकळं होईल."

"घाव नको घालायला. मुळं बघायची आहेत मला."

बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला, पण मजुराला दुसऱ्या कामाला पाठवलं. तिने नवऱ्यालाही हाक मारून बोलावलं आणि दोघं खाली बसली. खुरप्याने माती थोडी सैल करायची, पाइपचं पाणी हळू सोडायचं, गाळ निथळू द्यायचा, परत माती सैल करायची. बेकरीवाला मधूनच पिठाच्या हातांनी येऊन बघून जायचा. "खजिना सापडला तर जागा माझी आहे बरं का!"

तिला वाटलं होतं, मुळं दोरखंडासारखी खोल उतरली असतील. तसं काहीच नव्हतं. केसांच्या गुंत्यासारखी बारीक, पिंगट मुळं मातीच्या वरच्या थरातच पसरली होती. हात कोपरापर्यंत खाली घातला की पुढे नुसती माती. पण आडवी मात्र ती थेट फांद्यांच्या टोकांपर्यंत गेली होती. म्हणजे झुडूप वर जेवढं अंग पसरतं, तेवढंच खालीही पसरतं. नवरा वाकून बघत म्हणाला, "ही तर नुसती सतरंजी अंथरलीय!"

आणि मग तिला एका बाजूला काहीतरी वेगळं दिसलं. तिथे मुळांची जाळी दुप्पट दाट होती, मुळं एकमेकांत इतकी विणलेली की कुठलं टोक कुणाचं ते कळेना.

"इथे अजून एक झुडूप होतं का हो?"

"होतं की," बेकरीवाला म्हणाला. "आईने जोडीने लावलेली दोन. एक कधीच वाळलं."

"कशाने?"

"कुणास ठाऊक."

ती ओल्या मातीत तशीच बसून राहिली. जवळ होती म्हणून भांडली असतील का दोघं? की जवळ होती म्हणूनच एक इतकं जगलं? त्या जाळीकडे पाहून काहीच ठरवता येत नव्हतं, आणि तिला त्याचीच गंमत वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिने पूर्ण वाढलेल्या झुडपाच्या मापाच्या कागदी चकत्या कापल्या आणि मागच्या जागेत मांडून वर दगड ठेवले. दोन ओळींमध्ये तिने जेमतेम पाऊलभर वाट सोडली होती. वाट पुरते का ते बघायला, चकत्यांवर पाय न देता नवरा एका टोकाने बादली घेऊन निघाला, ती दुसऱ्या टोकाने. मधोमध दोघं समोरासमोर अडकली.

"आता रिव्हर्स कोण घेणार?" त्याने विचारलं. "आयुष्यभर गाडी चालवली मी. वळायला जागा न सोडता रस्ता आखणाऱ्याला काय काय शिव्या दिल्यात, तुला सांगत नाही."

"तुम्हाला मेलं सगळीकडे मैदान लागतं!"

"आणि तुला सगळीकडे चिंध्या वाचवायच्या असतात."

दोघंही हसली. बादल्या खाली ठेवून तिने एक आख्खी ओळ मागे सरकवली.

रोपं लावताना मात्र तिने एक ओळ रोपवाटिकेच्या बाईचं ऐकून ऐसपैस लावली आणि दुसरी मुद्दाम दाटीवाटीने. "बघू तर खरं," एवढंच म्हणाली.

रोपांचं बळ आधी मुळांत जावं म्हणून पहिली दोनेक वर्षं तिने मन घट्ट करून फुलं खुडून टाकली. पुढे फळं धरली तेव्हा दाट ओळीने बाजी मारली. नवऱ्याला ती मिरवून दाखवायची. नंतर मात्र त्या झुडपांच्या पोटात ऊन पोहोचेना. आतल्या फांद्या बोडक्या झाल्या आणि फळं नुसती शेंड्याला लागू लागली. ऐसपैस ओळ सावकाश भरली, पण खालपासून वरपर्यंत लगडली. एका कडक उन्हाळ्यात पुन्हा उलटंच झालं. मोकळ्या ओळीची माती तापून भेगाळली, आणि दाट ओळीखाली बोट घातलं तर गारवा! तेव्हापासून तिने मोकळ्या ओळीत भुशाचा जाड थर घालायला सुरुवात केली.

आता गल्लीतलं कुणी ना कुणी येऊन विचारतं, "कटिंगबाई, रोपं किती अंतरावर लावू?" ती चटकन आकडा सांगत नाही.

"आधी सांगा, तुम्ही या घरात किती वर्षं राहणार?"

माणूस गोंधळतो. भाड्याने राहणारी एक नर्स मात्र सरळ म्हणाली, "तीन-चार वर्षं."

"मग लाव जवळ जवळ," कटिंगबाई म्हणाली, "आणि जाताना एकाआड एक उपटून मला आणून दे. मुळासकट हं!"