विषय सोडायची शेवटची तारीख

चेन्नईला कॉम्प्युटर सायन्सच्या एम.एस्सी.ला पहिल्या सत्रात मी चार विषय घेतले. त्यातला अल्गोरिदम मला पहिल्या तासापासून कळला नाही. सर फळ्यावर सिद्धता लिहायचे आणि मी ती चित्रासारखी उतरवून घ्यायचे. चाचणीत वीसपैकी दोन मिळाले.

विषय सोडायच्या शेवटच्या दिवशी सल्लागार मॅडमनी मला मुद्दाम बोलावलं. माझी एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती. म्हणाल्या, "पाचच्या आत काढून टाक. पुढच्या वर्षी घे. गुणपत्रिकेत मागमूससुद्धा राहत नाही." बाहेर माझ्या वर्गातली तमिळ मुलगी उभी होती, ती हसत सुटली. "अक्का, मी दोन सोडले! तुझं काय त्याच्याशी लग्न लागलंय?"

लॅबमध्ये जाऊन मी कॉम्प्युटरवर विषयनोंदणीचं पान उघडलं. विषयापुढे नाव काढायचं बटण होतं. नववीत वडिलांनी शाळेतून माझं नाव काढलं, तेव्हाही बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी ये. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसेपर्यंत अकरा वर्षं गेली. स्वतःच्या हातानं ते बटण दाबणं काही जमेना. पाच वाजले आणि ते नाहीसं झालं.

मॅडमना मी विषय सोडला म्हणून सांगितलं.

निकालात त्या विषयापुढे नापास लिहिलेलं त्यांनी माझ्याआधी पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या सत्राच्या फॉर्मवर मी कोणते विषय लिहिलेत हे न वाचताच त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.